अ‍ॅपवर जागा शिल्लक नाही

३ फेब्रुवारी, सोमवार

आज आणखी एक नकार आला. या वेळी निदान कारण तरी कळवलं: ‘अनुभव नाही.’ अहो, पण अनुभव मिळावा म्हणूनच तर नोकरी मागतेय ना मी! पदवी घेतली, प्रोग्रॅमिंगच्या चार भाषा शिकले, आता अनुभव काय वाण्याकडे सुटा मिळतो?

जेवताना आई म्हणाली, “लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तशातली गत आहे तुझी.” मी म्हटलं, “आई, दुसरं कुठलंही उदाहरण दे, लग्नाचं नको.” ती हसत सुटली. हॉस्पिटलच्या स्वागतकक्षात दिवसभर लोकांच्या तक्रारी ऐकते, घरी आली की तिला कशाचंही हसू येतं.

बाबा म्हणाले, “आपल्या दुकानासाठी कर की काहीतरी. तुझ्या कॉम्प्युटरचं.”

“काय करू? वस्तऱ्याला वायफाय बसवू?”

तेही हसले, पण थोडे उशिरा. मला लगेच वाईट वाटलं, पण माफी मागण्याइतकं नाही. खरं सांगायचं तर आमचं केशकर्तनालय आहे हे मी कॉलेजात कुणाला सांगितलेलं नाही. “वडील काय करतात?” “व्यवसाय.” एवढ्यावर माणसं गप्प बसतात. ही वही कुणी वाचणार नाही म्हणून लिहितेय.

९ फेब्रुवारी, रविवार

चश्मिस भेटली. वर्गात माझ्यामागे बसायची, माझ्या वहीतून उतरवून घ्यायची, आणि आता नोकरीला लागून वर मला शहाणपण शिकवतेय. पण बोलली ते खरं होतं. तिच्या म्हणण्याप्रमाणे पदवी कुणी बघत नाही, मार्कही बघत नाही. सगळ्या नव्या पोरापोरींकडे तीच ती कॉलेजची प्रोजेक्टं असतात, ग्रंथालयाचं नाहीतर हॉस्टेलचं. “खऱ्या माणसांसाठी काहीतरी बनव,” म्हणाली. “चुकलं तर ज्यांना त्रास होईल अशी माणसं. पन्नास जण जरी वापरत असतील ना, तरी तुला बोलावतील.”

पन्नास खरी माणसं कुठून आणू? माझ्या ओळखीची पन्नास माणसं धरून आणली तरी निम्मी आईची निघतील.

घरी येताना दुकानावरून आले. बाबा कुणाचीतरी मान पुढे वाकवून मशीन फिरवत होते. बाकावर चारजण वाट बघत बसले होते, शेजारी हाताखालच्या कारागिराच्या खुर्चीतही एकजण. आणि डोक्यात आलं, ही काय माणसं! खरी, केसाळ आणि ताटकळलेली. यांना घरबसल्या वेळ ठरवता आली तर?

१० फेब्रुवारी, सोमवार

बाबांना सांगितलं. “कर,” म्हणाले. बस, एवढंच. मी अर्धा तास पटवायची तयारी करून बसले होते, सगळी फुकट गेली.

२२ फेब्रुवारी, शनिवार

झालं एकदाचं! वेळा ठरवायचं अ‍ॅप. अर्ध्या अर्ध्या तासाचे चौकोन, रिकामा असेल तर हिरवा, भरला की लाल. आपलं नाव टाकायचं, फोन नंबर टाकायचा, फोनवर आलेला आकडा भरायचा, की वेळ तुमची. आज सकाळी दुकानात जाऊन आरशावर अ‍ॅपच्या पत्त्याचं कार्ड चिकटवलं. कारागीर म्हणाला, “छान दिसतंय.” गेली कित्येक वर्षं तो बाबांच्या शेजारच्या खुर्चीवर काम करतोय, तो कशालाही वाईट म्हणत नाही. त्यामुळे त्याचं मत धरता येत नाही.

पोस्टमास्तर बसले होते. रिटायर होऊन जमाना झाला, पण सगळे अजून पोस्टमास्तरच म्हणतात. चष्मा वर करून त्यांनी कार्ड वाचलं आणि विचारलं, “म्हणजे आता यायच्या आधी परवानगी घ्यायची?” मी समजावून सांगितलं. मग विचारलं, “आणि इथे नुसतं बसायला यायचं असेल तर?” त्याला बटण नाही म्हटलं.

२६ फेब्रुवारी, बुधवार

शून्य. एकही नाही. चार दिवसांत एकाही माणसाने वेळ ठरवलेली नाही. आज जेवताना माझा बांध फुटला. मोठ्यांदा रडले, ताटावर. आई म्हणाली, “अगं, लोकांना सवय व्हायला वेळ लागतो.” मी ओरडले, “मला वेळ नाहीये! पन्नास जण तरी वापरताना दिसायला हवेत, नाहीतर माझं काही खरं नाही! काय दाखवू मी, तुमचा आरसा?”

जेवण आटोपून बाबांनी फक्त विचारलं, “ते अ‍ॅप माझ्या फोनवर पण चालतं का?” मी म्हटलं, चालतं, पण तुम्हाला काय उपयोग. तुम्ही मालक आहात.

२८ फेब्रुवारी, शुक्रवार

आलं! आलं! आलं! काल दुपारी तीन, आज पाच! मी बाबांना मिठी मारली, त्यांच्या हाताला साबणाचा वास येत होता. “बघा, म्हटलं नव्हतं?” असं मी म्हटलं, खरं तर मी काहीच म्हटलं नव्हतं. ते म्हणाले, “तो फोनवर आकडा येतो ना, तो काढून टाक. लोकांना कटकट होते. दुसऱ्याचा फोन घेऊन करतात, मग आकडा भलत्याकडेच जातो.” लगेच काढला. गिऱ्हाईक म्हणेल तसं करायचं, चश्मिसने बजावलंय.

आणि लोक पण काय एकेक! खरी नावं टाकतच नाहीत. एकाने नाव टाकलंय ‘डावा भोवरा’. दुसरा ‘जाड मान’. तिसरा ‘कानात केस’. मी एकटीच हसतेय. माणसांना स्वतःची इतकी थट्टा करता येते हे माहीतच नव्हतं.

५ मार्च, बुधवार

आता रोज येतात. बहुतेक दुपारी, दोन-तीनच्या सुमारास, एकापाठोपाठ एक. जेवून आडवे झाले की लोकांना केस आठवत असावेत.

बाबा तक्रारी आणतात गिऱ्हाइकांच्या. परवा सांगितलं, अक्षर बारीक आहे, एक गिऱ्हाईक कुरकुरत होतं. मोठं केलं. आज म्हणाले, “एकजण म्हणत होता, बोटं ओली असली की ते हिरवं बटण दबत नाही.” आता या माणसाची बोटं ओली कशाने? आंघोळ करता करता वेळ ठरवतो का हा? मी म्हटलं, “त्याला सांगा हात पुसून घे.” बाबा म्हणाले, “सांगतो.”

१२ मार्च, बुधवार

आज बायोडेटा नवा केला. लिहिलं: ‘वैयक्तिक निगा क्षेत्रातील एका व्यावसायिकासाठी वेळ-आरक्षण प्रणाली. प्रत्यक्ष वापरात. पन्नासहून अधिक वापरकर्ते. गोपनीयतेसाठी टोपणनावाने नोंदणीची सोय.’ तीनदा वाचलं. ‘वैयक्तिक निगा’ वाचून कुणाला वस्तरा आठवणार नाही.

भाजीच्या दुकानासमोर पोस्टमास्तर भेटले. म्हणाले, “अगं, नातवाने फोनवर तुझं ते उघडून दिलं. जागाच नसते! बघावं तेव्हा लालच लाल.” मी गालातल्या गालात हसले. म्हटलं, “काका, आधीपासून ठरवायला हवं. गर्दी वाढलीय.” ते “हो का, हो का” करत गेले. बिचारे. पण याला म्हणतात यश.

तिथून दुकानावरून आले. अ‍ॅपवर लाल होतं, पण कारागीर पेपर वाचत बसला होता. एखादं गिऱ्हाईक आलं नसेल. न येणाऱ्यांसाठी दंड ठेवावा का?

१८ मार्च, मंगळवार

बोलावलंय! परवा! मी ज्या कंपनीत अर्ज टाकायलाही घाबरत होते, त्यांनी. पत्रात लिहिलंय, तुमच्या प्रणालीबद्दल बोलायला आवडेल. माझ्या प्रणालीबद्दल! आई नाचायची बाकी राहिली. बाबा हळूच म्हणाले, “तिथे ते उघडून बघतील का गं? त्या दिवशीचं?” मी म्हटलं बघतीलच. “मग चांगलं भरलेलं पाहिजे,” म्हणाले. त्यांनाही आता समजायला लागलंय.

२० मार्च, गुरुवार

आज काही लिहायचं नाही.

२१ मार्च, शुक्रवार

लिहिते. नाही लिहिलं तर ते डोक्यात पुन्हा पुन्हा चालूच राहील.

दोघं होते. एक मॅडम, केस पांढरे, आवाज मऊ. आणि एक लांब केसांचा मुलगा, माझ्यापेक्षा फार तर पाच वर्षांनी मोठा. भिंतीवर मोठा पडदा, त्यावर माझं अ‍ॅप. मला काय अभिमान वाटला ते बघून!

मॅडमनी विचारलं, “हे गिऱ्हाईक तुम्हाला मिळालं कसं?”

मी म्हटलं, “शोधलं. बऱ्याच दुकानांत फिरले, गरज समजून घेतली. हे तयार झाले.”

इतकं सहज निघालं तोंडातून की माझं मलाच नवल वाटलं.

“आणि ही नावं? ‘जाड मान’?”

“गोपनीयतेसाठी, मॅडम. वापरकर्ते टोपणनावं घेतात.”

“स्वतःला जाड मान म्हणवून घेतात?” त्या हसल्या नाहीत. नुसतं लिहून घेतलं.

मग तो मुलगा म्हणाला, “मलाही कापायचेच आहेत. आज जागा आहे का बघू.” त्याने त्या दिवसाचं पान उघडलं. वरपासून खालपर्यंत लाल. “फुल्ल! भारीच चालतंय की हो.” मी म्हटलं, “हो, प्रतिसाद चांगला आहे.” तर तो म्हणतो, “एखादं रद्द झालं असेल, विचारतो.” आणि अ‍ॅपवरचंच फोनचं बटण दाबलं. ते बटण मीच ठेवलं होतं. आवाज मोठा करून फोन टेबलावर, आमच्या तिघांच्या मध्ये.

“नमस्कार, बोला!” बाबांचा गिऱ्हाइकांशी बोलायचा आवाज. घरी तो कधी येत नाही.

“आज जागा मिळेल का?”

“या की! आत्ता या. दोन्ही खुर्च्या रिकाम्याच आहेत.”

“पण अ‍ॅपवर तर सगळं भरलेलं दिसतंय.”

“अहो, ते सोडा हो. ते मीच भरतो दुपारचा, बसल्या बसल्या. आमच्या मुलीने बनवलंय ते, तिला नोकरीसाठी दाखवायचंय. आज इंटरव्ह्यू आहे तिचा. म्हटलं कुठे उणं दिसायला नको, म्हणून सकाळीच अख्खा दिवस भरून टाकला. तुम्ही या बिनधास्त, कुणी नाहीये.”

त्या मुलाने फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे पाहिलं नाही. “येतो,” म्हणाला आणि बंद केला.

धरणी पोटात घेते म्हणतात, ती वेळेवर कधीच घेत नाही. मी म्हटलं, “मॅडम, मला खरंच माहीत नव्हतं.”

मॅडमनी पेन खाली ठेवलं. “कुठलं? ते भरतात हे, की ते तुमचे वडील आहेत हे?”

आरडाओरडा करून बिनपाण्याने केली असती तरी चाललं असतं. त्या ओरडल्या नाहीत. पाणी पुढे सरकवलं, म्हणाल्या, “घाई नाही, प्या आणि मग निघा.” मी प्यायले नाही. पळाले.

२२ मार्च, शनिवार

काल लिहिताना पुढचं लिहिलं नाही, कारण पुढचं जास्त वाईट आहे.

परवा संध्याकाळी बाबा घरी आले ते आनंदात. चपला काढता काढता म्हणाले, “काय मग, कसा झाला? आज अ‍ॅप बघून एकाचा फोन आला होता बरं का. येतो म्हणाला, आला मात्र नाही. वाट बघून दुकान जरा उशिराच बंद केलं.”

मी जे सुटले! काय काय बोलले. “तुम्ही केसानं गळा कापलात माझा! सगळ्यांसमोर नागडं केलंत! कुणी सांगितलं होतं तुम्हाला हे उद्योग करायला?”

बाबांना आधी कळेचना. मग कळलं. दाराशीच उभे राहिले. “तूच म्हणाली होतीस, पन्नासजण दिसायला हवेत.”

“दिसायला नाही, असायला!”

“दिसायला म्हणाली होतीस.”

मी वही काढून बघितलं. दिसायलाच म्हणाले होते.

आई मध्ये पडली, “अगं, तुझ्यासाठीच केलं ना त्यांनी?” मी तिलाही म्हटलं, तू गप्प बस. आईला! गप्प बस! बाबा बेसिनकडे जाता जाता थांबले.

“त्यांना फोनवरून कळलं, दुकान आपलं आहे ते?”

“हो.”

“म्हणजे तू सांगितलं नव्हतंस.”

प्रश्न नव्हता तो. ते हात धूत राहिले, खूप वेळ, आणि मग जेवायला बसले. तेव्हापासून मी खोलीतून फारशी बाहेर आलेले नाही. ते माझ्यासाठी दार लोटून जातात, आवाज न करता. त्यापेक्षा आपटलं असतं तर बरं.

२९ मार्च, शनिवार

आरशावरचं ते कार्ड मला झोपू देईना. आज ते काढायला गेले. शनिवार म्हणजे बाबांना श्वास घ्यायला फुरसत नसायची. लहानपणापासून बघतेय, शनिवारी दुकानात शिरायला जागा नसते.

बाक रिकामा होता. बाबा डबा खायला मागे गेले होते आणि कारागीर आपल्याच खुर्चीत बसून, आपल्याच मिशा कातरत होता.

“आज कुणी नाही?” मी विचारलं.

त्याने आधी आरशातूनच माझ्याकडे बघितलं. कशालाही वाईट न म्हणणारा माणूस तो. मग म्हणाला, “ताई, लोकांनी बघितलं होतं हो तुमचं ते. समोरच्या ऑफिसातली पोरं, कॉलेजची. आरशावरून फोनवर घेतलं त्यांनी. पण बघावं तेव्हा लाल. एकदा बघितलं, दोनदा बघितलं. मग स्टँडजवळ नवीन दुकान झालंय ना, तिकडे जायला लागले.”

“तुम्ही बाबांना सांगितलं नाहीत?”

“सांगितलं की. म्हणाले, तिचा इंटरव्ह्यू होईपर्यंत राहू दे.” मिशीवरची कात्री थांबली. “मी पण सकाळचा तिकडेच जातो आता. त्यांनीच जा म्हटलं. इथे दोघांना काम नाही.”

म्हणजे मी खऱ्या माणसांसाठी बनवलं, आणि खरी माणसं आली, आणि माझ्याच लाल चौकोनांनी त्यांना दारातून परत पाठवलं. पोस्टमास्तरांना मी काय म्हटलं होतं? गर्दी वाढलीय. आणि वर गालातल्या गालात हसले होते.

परत येताना तेच दिसले, समोरून येताना. केस ताजे कापलेले. मला बघून त्यांनी टोपी खाली ओढली आणि रस्ता ओलांडून पलीकडे गेले. त्यांना लाज वाटली, दुसरीकडे कापले म्हणून. लाज त्यांची नव्हती. मी पळत जाऊन गाठलं आणि भर रस्त्यात सांगितलं, काका, अ‍ॅप खोटं होतं, जागा होती, रोज होती. ते गोंधळले. मग म्हणाले, “तिकडे खुर्च्या छान आहेत. पण बसू देत नाहीत गं. कापले की उठा.”

२ एप्रिल, बुधवार

अ‍ॅप बंद केलं. बाबांना विचारून. त्यांच्यासमोर बसून, त्यांच्या फोनवर उघडून, एकेक ‘डावा भोवरा’ आणि एकेक ‘जाड मान’ पुसला. त्यातला प्रत्येक जण खरा कोण, कुठे राहतो, ते सांगत होते. नावं विचारायला संकोच वाटतो म्हणे, म्हणून गिऱ्हाइकं त्यांच्या डोक्यात अशीच साठलेली. मी म्हटलं, “आणि ओल्या बोटांचं ते गिऱ्हाईक?” ते म्हणाले, “पुसायचो की हात. तू सांगितल्यावर.”

मग म्हटलं, “बाबा, चुकलं माझं.” जे म्हणायचं होतं त्याच्या शतांशही नव्हतं हे. “बरं,” म्हणाले. मला मारलं असतं तर सोपं गेलं असतं.

त्याआधी तीन दिवस सलग दुकानात बसले होते. फेब्रुवारीतच बसायला हवं होतं ते. वेळ ठरवायला कुणाला नकोय. त्यांना एवढंच हवंय की निघण्याआधी कळावं, बाकावर किती जण आहेत. ते केलं. एक आकडा, बास. कारागीर नाहीतर बाबा बटण दाबून वाढवतात, कमी करतात. बटण तळहाताएवढं आहे, ओल्या हाताने, कोपराने, कशानेही दबतं. आज ते सात वेळा उघडलं गेलं. त्यातल्या तीन वेळा मीच होते.

आणि मॅडमना पत्र लिहिलं. नोकरी मागितली नाही, तोंड कुठे आहे मला. लिहिलं की दुकान वडिलांचं आहे, मी फिरून शोधलेलं नाही. मला एकच वापरकर्ता होता आणि त्याच्या प्रत्येक तक्रारीला मी गिऱ्हाइकाची कटकट समजले. माझ्या प्रोग्रॅममुळे दुकानाची गिऱ्हाइकं गेली, हे मला ते बंद करायच्या चार दिवस आधी कळलं. आता काय केलंय तेही लिहिलं. पाठवलं आणि लगेच वाटलं, हात दाखवून अवलक्षण.

८ एप्रिल, मंगळवार

उत्तर आलं. दोन ओळी. ‘तुमचं काम वापरलेल्या एखाद्या माणसाशी बोलायला आवडेल. वडील चालतील, त्यांच्याशी ओळख झालीच आहे.’

पुन्हा बाबांच्या गळ्यात माझं लोढणं. वाटलं, कळवावं की नको. पण बाबांनीच विचारलं, काय आलं, आणि आता त्यांच्याशी खोटं बोलायचं त्राण माझ्यात नाही. वाचून दाखवलं. म्हटलं, “बाबा, माझ्यासाठी काही सजवून सांगू नका. जे झालं ते सांगा. नाही मिळाली तर नाही मिळाली.”

“मला सजवता येतं कुठे,” म्हणाले. “मागच्या वेळीही खरंच बोललो होतो.”

१० एप्रिल, गुरुवार

फोन दुपारी आला. दुकानात मी बाकावर, पोस्टमास्तर खुर्चीत, तोंडभर फेस. परत आलेत ते, केस वाढायला वेळ आहे म्हणून दाढीला. बाबांचे हात भरलेले, म्हणून त्यांनी कोपराने फोन चालू केला आणि आवाज मोठा. सवयच आहे त्यांची. मी उठून बाहेर जायला लागले तर डोळ्यांनी म्हणाले, बस.

मॅडमनी विचारलं, मुलीच्या प्रोग्रॅमचा उपयोग झाला का.

“पहिल्याचा नाही झाला,” बाबा म्हणाले. तोच आवाज, गिऱ्हाइकांशी बोलायचा. “नुकसान झालं. त्यात माझीही चूक, मी खोटं भरत बसलो. पण बनवण्याआधी ती एक दिवस इथे येऊन बसली असती, तर तिला कळलं असतं. तिला दुकानात यायची लाज वाटायची.”

मी खाली बघत होते. पोस्टमास्तर फेसाआडून हललेही नाहीत.

“नंतर आली. बसली. माझ्यासमोर सगळं पुसलं. रागावली होती माझ्यावर, बोलली पण बरंच, ते जाऊ द्या. आता जे केलंय ते चालतं. साधं आहे.”

“तुम्हाला खोटं भरावंसं का वाटलं?” मॅडमनी विचारलं. आवाज तसाच, मऊ.

बाबांनी वस्तरा पाण्यात बुडवून बाजूला ठेवला. “आता असं बघा. आमच्या धंद्यात नवीन पोरगा शिकायला येतो, तेव्हा त्याच्या हाताखाली कोण डोकं देणार? गिऱ्हाईक देत नाही. कापायला मिळाल्याशिवाय हात बसत नाही, आणि हात बसल्याशिवाय कुणी कापू देत नाही. मग उस्ताद स्वतः खुर्चीत बसतो. पहिलं डोकं उस्तादाचं. माझ्या उस्तादाने दिलं होतं, मी या कारागिराला दिलं. हिला कुणी देईना. म्हटलं, आपलं देऊ.”

मग मॅडमनी विचारलं, “कसे कापले गेले?”

“वाईट,” बाबा म्हणाले. “टोपी घालून फिरावं लागलं थोडे दिवस.”

त्या हसल्या. पहिल्यांदाच ऐकलं. म्हणाल्या, तिला सोमवारी पाठवा, तीन महिने शिकाऊ म्हणून, काम बघून पुढचं ठरवू. बाबा म्हणाले, बरं, सांगतो, जशी काही मी परगावी होते.

पोस्टमास्तरांनी फेसासकट टाळ्या वाजवल्या. मला आनंद झाला का? झाला असेल. त्याआधी जे आलं ते मला आवरेना. चार वर्षं मी ज्या खुर्चीचं नाव घेत नव्हते, त्या खुर्चीत हा माणूस माझ्यासाठी येऊन बसला होता, आणि मी त्याला म्हटलं होतं, केसानं गळा कापलात.

“थोडे दिवस?” मी विचारलं. “बाबा, थोडे दिवस म्हणालात तुम्ही.”

त्यांनी बाकाकडे पाहिलं. माझ्याशिवाय तिथे कुणी नव्हतं. कारागिराची खुर्ची कपडा टाकून झाकलेली होती.

“फिरतोय अजून,” म्हणाले, आणि वस्तरा उचलला. “केस काय, वाढतात.”